न विचारता घेतलेलं माप

“कापडाला कात्री लावण्याआधी दोनदा बघावं, माणसाला टेप लावण्याआधी एकदा विचारावं,” हे आमच्या मास्तरांचं पालुपद. चाळीस वर्षं त्यांनी कपडे शिवले, पण सात वर्षांच्या पोरालाही “टेप लावू का, साहेब?” असं विचारल्याशिवाय माप घेतलं नाही. मी त्यांच्या शेजारी बसून काजं-बटणं करायचो.

मग दुकानाच्या मालकाने तो माप घेणारा चष्मा आणला. डोळ्यांवर चढवला की समोरच्याच्या अंगावर आकडे उमटायचे. खांदा, छाती, कंबर. जुनं गिऱ्हाईक असेल तर मागचं मापही शेजारी दिसायचं. हात लावायचाच नाही, तर विचारायचं कशाला? मास्तरांचं विचारणं कधी सुटलं, मला कळलंही नाही. खरं सांगतो, काम झपाट्याने उरकायचं, म्हणून मला बरंच वाटलं.

एका दुपारी टपालवाल्या ताई लेकीला घेऊन आल्या. महिन्यावर परीक्षा आलेली, लेकीला प्रयोगशाळेचा पांढरा कोट हवा होता. मास्तर लेकीचं माप बघत होते. मागे उभ्या असलेल्या ताईही चष्म्यात आल्या.

“ताई, वर्षात कंबर पाच इंच उतरली की तुमची,” मास्तर कौतुकाने म्हणाले. “आम्हालाही उपाय सांगा.”

“पायी टपाल वाटा, मास्तर,” मी म्हणालो. बाकावरची माणसं हसली.

ताई हसल्या नाहीत. त्यांनी अंगावरचा ढगळ सदरा पोटापाशी मुठीत धरला.

लेक वळली. “पाच इंच? आई, डॉक्टर काही नाही म्हणाले, असं सांगितलंस ना मला?”

“तुझी परीक्षा होऊ दे. मग बोलू.”

माझं मशीन आपोआप थांबलं. मास्तरांनी चष्मा काढला, पण दोघी जाईपर्यंत त्यांची मान वर झाली नाही.

तिसऱ्या दिवशी कोट शिवून ते स्वतः द्यायला निघाले. चष्मा दुकानातच ठेवला. मी मागोमाग गेलो आणि कोपऱ्यावर थांबलो.

ताईंच्या घराचं दार उघडंच होतं. तरी ते बाहेर उभे राहिले. “ताई, आत येऊ का?”

“आता विचारताय, मास्तर?”

ताईंच्या आवाजात राग नव्हता. राग असता तर त्यांना सोसलं असतं. त्यांनी कोट उंबऱ्यापाशी ठेवला, गळ्यातला टेप काढून खिशात घातला आणि उतारावरून चालू लागले. लेक दारातून बघत होती. त्या दिवशी बाकावरच्या माणसांना हसवणारा मी कोपऱ्यावरून बघत होतो.