एकाच चुलीचे गुरुपादप्पा सर

गुरुपादप्पा सरांना लातुरात इंग्रजीचे मोठे विद्वान मानतात. मी त्यांची सख्खी पुतणी, तनुजा. मी नाही मानत.

त्र्याण्णवच्या भूकंपात माझे वडील गेले, तेव्हा मी पाळण्यात होते. पुढं पुनर्वसनाची यादी करायला साहेब आले. ज्या कुटुंबाची जमीन जास्त, त्याला घर मोठं. काकांनी आमची जमीन आपल्या जमिनीत धरली, पत्र्याच्या शेडमधल्या दोन चुलींपैकी आईची चूल पोत्याखाली झाकली आणि छाती काढून सांगितलं, "आम्ही एकाच चुलीचे, साहेब!" मोठं घर मिळालं, काका आणि आई दोघांच्या नावावर. किल्ली हाती येताच या सद्गृहस्थांनी आईला बाहेर काढलं, आणि वर गावभर केलं, "केवळाबाई घरफोडी हाय." आई लातुरात येऊन क्लासच्या पोरांचे डबे करू लागली. काही वर्षांनी काकाही घराला कुलूप लावून इथं आले आणि क्लास काढून बसले.

मला त्यांनी क्लासात फुकट घेतलं, दोनशे पोरांना ऐकवून. बारावीच्या वर्षी एकदा फळ्यावर शब्द लिहिला, 'डिव्हायसिव्ह'. "म्हणजे फूट पाडणारा, भांडणं लावणारा. मूळ लॅटिन 'डिव्हिडेरे', फोडून वेगळं करणं. त्याच कुळातला इंग्रजी 'विडो', आणि पंडित म्हणतात, आपला 'विधवा'सुद्धा." मग माझ्याकडे बघून मिशीत हसले. "कूळ उगाच एक नसतं!" पोरं खिदळली. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. इतका शिकलेला आणि इतका हलका माणूस मी दुसरा पाहिला नाही.

त्याच संध्याकाळी ते कागद घेऊन आमच्या खोलीवर आले. गावचं घर विकायचं होतं आणि आईच्या सहीवाचून अडलं होतं. आईला म्हातारपणी तिथंच जायचं होतं. त्या घराशिवाय तिचं दुसरं काहीच नव्हतं.

"वैनी, सही करा. आपलं काय वेगळं हाय का?"

आईनं पोळी उलटली. सकाळचा शब्द मी तिला आधीच सांगितला होता.

"भावजी, फूट पाडनाऱ्याचा शब्द तुमी पोरांना शिकवला म्हनं. चांगलं केलं, तुमच्याइतका कुनाला ठावा असनार?"

काकांनी कागदाची घडी घातली. "म्हंजे सही न्हाई?"

"न्हाई. साहेबाला एकच चूल सांगितली व्हती न्हवं? उद्या निलंग्याच्या बसनं गावाकडं जाते अन् ती पेटवते. घर माझ्याबी नावावर हाय. किल्ली ठिवा हितं."

काकांनी किल्ली ठेवली.