मडीची सवलत

संगणकाच्या खोलीत शिरताना चपला बाहेर काढाव्या लागत. धुळीनं यंत्रं बिघडतात, असं सांगत. आत गार फरशी, डोक्यावर घरघरणारा एसी, आणि त्या गारठ्यात माझी बोटं आणखीच आखडायची. जयनगरातल्या त्या संस्थेत मी नाव घातलं तेव्हा माझ्याबरोबरच्या मुली पदवी घेऊन नोकरीला लागल्या होत्या. मी दुसऱ्या वर्षातच कॉलेज सोडलेलं. संधिवातानं हात धरले, मग गुडघे. हा तर म्हाताऱ्यांचा आजार, असं लोक म्हणत. म्हणजे ज्या थोड्यांना कळलं होतं ते. बाकीच्यांना आई कळूच देत नव्हती. लग्नाची मुलगी, बातमी एकदा बाहेर गेली की संपलं, असं तिचं म्हणणं.

सकाळी माझी मूठ मिटत नसे. कॉफीचा पेला दोन्ही तळव्यांत धरून प्यायचा, वेणी आईनं घालायची. दुपार कलली की बोटं सुटत आणि मग मी कुणापेक्षाही कमी वेगानं टाइप करत नसे. म्हणून दुपारची तुकडी घेतली होती. वर्ष बरं गेलं. शेवटी प्रात्यक्षिक परीक्षेची वेळ लागली, ती सकाळी आठची. ती हुकली तर अभ्यासक्रम गेला, आणि अण्णांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, आधीच सांगून ठेवलं होतं की हा शेवटचा प्रयत्न. यानंतर घरी बसायचं.

दुपारची वेळ मागायला मी प्राचार्यांकडे निघाले तर आई बरोबर आली. मी तोंड उघडायच्या आत ती कन्नडमध्ये सुरू झाली. "आमच्या घरात फार मडी सर. सकाळची पूजा, नैवेद्य सगळं हिच्याकडे. ते झाल्याशिवाय मुलगी उंबरा ओलांडत नाही."

मडी म्हणजे सोवळं. आमच्या घरात ते आजीबरोबरच गेलं होतं, आणि मी तर देवापुढे हातही जोडत नव्हते. पण प्राचार्यांच्या कपाळावर ठसठशीत गंध होतं. त्यांचा चेहरा खुलला. "आजच्या काळात अशी मुलगी! सरी अम्मा, दुपारी बसू दे. स्वल्प अॅडजस्ट करू."

ज्या गोष्टीसाठी मी रात्रभर मनात वाक्यं जुळवली होती, ती आईनं एका थापेत मिळवली होती.

घरी आल्यावर मी भडकले. कन्नड अक्षरं मी शाळेच्याही आधी शिकले ती अण्णांच्या कारखान्यातल्या युनियनच्या हँडबिलांवर. 'हक्क मागून घ्यायचा, हात पसरून नव्हे,' हे अण्णांनीच लिहिलेलं होतं. तेच मी त्यांना ऐकवलं.

"ते कारखान्याच्या फाटकासमोर म्हणायचं," अण्णा म्हणाले. "तिथे माझ्या पाठीशी माणसं होती. तुझ्या पाठीशी कोण आहे?"

"तुम्ही नाही?"

"मी आहे म्हणूनच सांगतोय. दुपारी बस, पास हो, मग काय भांडायचं ते भांड."

"आज देवाच्या नावानं मिळालं. उद्या नोकरीत कुठला देव सांगू? दुखतं त्याला सवलत नाही आणि सोवळ्याला आहे, हे तुम्हाला चालतं?"

"बोटं आखडतात हिची," आई आतून म्हणाली, "जीभ मात्र कधी आखडत नाही."

अण्णांना हसू आलं. मला नाही आलं.

दुसऱ्या दिवशी मी एकटीच गेले. पूजेचं खरं नव्हतं, मला संधिवात आहे, सकाळी बोटं चालत नाहीत, दुपारची वेळ त्यासाठी हवी आहे, असं सरळ सांगितलं. प्राचार्य खुर्चीत मागे रेलले. आजाराबद्दल त्यांनी एक शब्द विचारला नाही.

"देवाच्या नावानं खोटं बोललात?"

"आई बोलली सर. घाबरून. मी ते दुरुस्त करायला आले."

"आजारासाठी वेळ बदलायचा नियम नाही."

"मडीसाठी होता?"

ते खुर्चीत पुढे सरकले. मग म्हणाले, "नोडम्मा, हे बघा, मी मनानं दिलं होतं. तुम्हीच परत केलंत. आता सगळ्यांबरोबर आठ वाजता या."

परीक्षेच्या दिवशी आईनं अंधार असतानाच पाणी तापवलं. मी कोपरापर्यंत हात बुडवून बसले. ती माझ्याशी बोलत नव्हती, पण पाणी निवलं की नवं ओतत होती. अण्णांनी स्कूटरवरून सोडलं. वाऱ्यानं सगळं तापवणं वाया गेलं.

खोलीत एसी सुरू होता. बंद कराल का, असं मी विचारलं. यंत्रं तापतील, असं उत्तर आलं. प्रश्न वाचला आणि जीव थोडा हलका झाला, कारण प्रोग्राम मला येत होता, अथपासून इतिपर्यंत डोळ्यांसमोर होता. फक्त तो पडद्यावर जायला तयार नव्हता. मी दोन्ही तळव्यांत पेन्सिल उलटी धरली आणि तिच्या टोकानं एकेक कळ दाबू लागले. आजूबाजूला कळांचा खडखडाट चालला होता. शेजारची मुलगी उठून गेली. मग पलीकडचा मुलगा. वेळ संपली तेव्हा माझा अर्धा प्रोग्राम झाला होता.

बाहेरच्या कॉलेजातून आलेले परीक्षक माझ्या खुर्चीमागे येऊन उभे राहिले. गळ्यात मफलर, हातात गुणांचा कागद.

"एवढंच?"

"बाकीचं येतं सर. बोटं चालत नाहीत, संधिवात आहे. तोंडी सांगते, तुम्ही टाइप करा."

दारात प्राचार्य उभे होते. त्यांनी काहीतरी बोलायला तोंड उघडलं. परीक्षकांनी त्यांच्याकडे पाहिलं, माझ्या बोटांकडे पाहिलं आणि शेजारची खुर्ची ओढली. "सांगा."

मी ओळ न् ओळ सांगू लागले. ते दोन बोटांनी कळा शोधत टाइप करत होते, माझ्या पेन्सिलीपेक्षा फार जलद नाही. मध्येच एकदा ते बोलले, "सावकाश अम्मा, मी म्हातारा आहे." मी सावकाश सांगितलं. प्रोग्राम संपला. त्यांनी तो चालवला, आणि पडद्यावर चूक असल्याचा संदेश आला.

"चूक आहे," ते म्हणाले आणि कागदावर पेन टेकवलं.

मी ओळी वाचत खाली आले. शेवटून तिसऱ्या ओळीत अर्धविराम नव्हता. मी तो सांगितला होता. पेन अजून तिथेच होतं. गप्प राहिले तर दोनचार गुण जातील. बोलले तर कदाचित सगळेच जातील.

"अर्धविराम राहिलाय सर. मी सांगितला होता. तुमच्याकडून टाकायचा राहिला."

दारातून प्राचार्यांचं खाकरणं ऐकू आलं. परीक्षकांनी चष्मा वर सरकवला, पडद्याजवळ तोंड नेलं, बराच वेळ पाहिलं. मग एक कळ दाबली. प्रोग्राम चालला.

"आता हे सांगा," ते जराही न हसता म्हणाले, "ही अट इथे का घातलीत?" त्यांनी इतरांना विचारले नसतील इतके प्रश्न मला विचारले. हात काखेत दाबून मी एकेकाचं उत्तर देत गेले.

मी पास झाले, काठावर. निकाल ऐकून आई बऱ्याच दिवसांनी माझ्याशी धड बोलली. "दुपारी बसली असतीस तर पहिली आली असतीस."

खरं होतं ते. पुढच्या अभ्यासक्रमाला नाव घालायला गेले तेव्हा आईला घरीच राहायला सांगितलं, आणि प्राचार्यांसमोर बसून पहिलं वाक्य आजाराचंच बोलले.