बापासमोर आपलं लेकरू

बालरोगाचं पहिलं प्रॅक्टिकल मी एका रबरी बाहुलीवर केलं. ती बाहुली मोठी गुणाची होती. कशीही धरा, रडायची नाही, दूध ओकायची नाही, कुणाच्या अॅप्रनवर धार सोडायची नाही. तिला श्वास द्यायचा, छाती वर आली की मॅडम मान डोलवायच्या आणि आम्ही जग जिंकल्याच्या थाटात हॉस्टेलवर चहा प्यायला जायचो. खरं बाळ हातात आलं तेव्हा कळलं की बाहुलीची सगळ्यात चांगली गोष्ट म्हणजे तिला नातेवाईक नसतात.

मॅडम म्हणजे आमच्या विभागप्रमुख. अंगानं ठेंगण्या, पण आवाज वॉर्डाच्या या टोकाला लागला की त्या टोकाची नर्स उभी राहायची. कलबुर्गीत राहून त्यांच्या एकाच वाक्यात कन्नड, मराठी आणि दखनी सुखानं नांदायच्या. पुस्तकात जे पानंच्या पानं खायचं ते त्या उभ्याउभ्या सांगून मोकळ्या व्हायच्या. लेकराला आधी लांबून बघ, हात नंतर लाव. आईच्या मांडीवरून काढू नकोस. स्टेथोस्कोप तळहातात धरून गरम कर. घसा सगळ्यात शेवटी बघ, कारण चमचा तोंडात गेला की मैत्री संपली. आणि रडणाऱ्याकडे धावू नकोस, गप्प पडलेल्याकडे आधी जा. नवजात बाळाचं तर त्यांना एकच वेड होतं, पाय. उलट्या हातानं पोट बघायचं, मग तळपाय बघायचे. पोट गरम आणि पाय गार असतील तर ते बाळ थंडीशी झगडतंय, पाजलेलं दूध त्यातच जळणार, वजन वाढणार नाही. आम्ही मुली हॉस्टेलवर एकमेकींचे पायसुद्धा उलट्या हातानं बघायला लागलो होतो.

मी कमलनगरची. घरात मराठी, बाजारात कन्नड, आणि पारा दोन्ही भाषांत चटकन चढणारा. इंटर्नशिपच्या थंडीत मॅडमनी मला नवजात बाळांच्या वॉर्डात टाकलं आणि एका सकाळी एक मुलगी माझ्या हवाली केली. निंबर्ग्याकडची. दिवस भरायच्या आत जन्मलेली, अंगावर नुसती कातडी, पण डोळे टक्क उघडे. तिच्या आईचा रक्तदाब फार वाढला म्हणून सिझेरियन करावं लागलं होतं. आई वरच्या मजल्यावर पडून होती आणि येणाऱ्याजाणाऱ्या प्रत्येकाला एकच विचारत होती, "माझी पोरगी माझ्यापाशी कवा देताव?"

पोरगी त्याच सकाळी काचेच्या पेटीतून बाहेर आली होती. वाटी-चमच्यानं दूध घेत होती, श्वास नीट होता. पण पाय गार होते. मॅडमनी उलटा हात लावला आणि माझ्याकडे बघितलं.

"हिला कुणाच्या तरी छातीशी बांध. संध्याकाळच्या राउंडला पाय गरम लागले तर उद्या आईजवळ. नाही लागले तर परत पेटीत."

याला आम्ही कांगारू पद्धत म्हणतो. बाळाला कुंची, मोजे आणि लंगोट, बाकी उघडं. मोठ्या माणसाच्या उघड्या छातीवर त्याला उभं ठेवायचं, मान एका बाजूला वळवायची आणि वरून कापडानं बांधून टाकायचं. कातडीला कातडी लागली की ऊब आपोआप जाते. आई असली तर उत्तमच, पण आई वर पडून होती आणि तिच्यापाशी तिची आई होती. बाळाच्या दुसऱ्या आजीला खोकला होता, म्हणून मॅडमनी तिला आधीच गावी धाडलं होतं. उरला बाप. तो दाराशीच उभा होता. चांगला धिप्पाड गडी, छाती अशी की जुळी असती तरी मावली असती. मला वाटलं, झालं काम.

"अण्णा, हात धुवा, शर्ट काढा, इथं बसा."

तो जागचा हलला नाही. मान खाली. मी परत सांगितलं, कन्नडमध्येही सांगितलं. शेवटी त्यानं डोळ्यांनीच भिंतीकडे खूण केली. भिंतीजवळ बाकावर त्याचे वडील बसले होते, खांद्यावर घोंगडी, डोक्याला पटका.

"अप्पासमोर आपलं लेकरू कसं घ्यावं, अक्का? आमच्यात घेत न्हाईत."

ही रीत मला नवी नव्हती. आमच्याकडेही जुन्या घरांत बाप आपल्या वडिलांसमोर स्वतःचं मूल उचलत नाही. मूल रांगत उंबऱ्यावरून पडलं तरी बायकोला हाक मारतो, "अगं, बघ की!" आपल्या लेकराचं कौतुक वडीलधाऱ्यांच्या पुढ्यात करणं म्हणजे निलाजरेपणा. पण बालरोगाच्या पुस्तकात यावर औषध नव्हतं.

मी आधी पडदा लावला. खाटेभोवतीचा हिरवा पडदा ओढून घेतला आणि म्हटलं, "आता या."

"पडद्यामागं काय चाललंय ते अप्पाला कळत न्हाई व्हय?"

मग मी म्हाताऱ्याकडे गेले. "अप्पा, खाली चहा बरा मिळतो. जाऊन या की."

"नको. हितं बरं हाय," ते म्हणाले आणि घोंगडी सावरून आणखी ऐसपैस बसले.

मी परत बापाकडे आले. त्यांच्या घरात पिढ्यानपिढ्या मेंढरं, आता निम्मी शेती. म्हटलं, यांच्याच अंगणात जाऊन बोलावं. "अण्णा, थंडीत कोकरू जन्मलं तर छातीशी धरून घोंगडीत घेताव का न्हाई?"

"घेताव की."

"मग?"

"कोकराचा आजा समोर बसलेला नसतोय, अक्का."

नर्स तोंडाला पदर लावून बाहेर पळाली. मलाही हसू आलं असतं, पण मी पोरगीचे पाय परत बघितले होते. सकाळपेक्षा गार. ती रडत नव्हती, आणि गप्प पडलेल्याकडे आधी जायचं हे मला चांगलं शिकवलेलं होतं. मी पडदा सर्रकन बाजूला केला आणि वॉर्डाच्या मधोमध उभी राहून दोघांनाही झाडलं.

"तुमी दोघं लाजत बसा! तिकडं पोरगी गार पडायलीय! वर तिची आई वाट बघायलीय! अप्पा, तुमाला नात पायजे का न्हाई?"

मला वाटलं, आता म्हातारा तरी भडकणार नाहीतर मॅडम तरी. म्हातारा शांतपणे उठला. घोंगडी बाकावर ठेवली, पटका काढला आणि सदऱ्याच्या गुंड्या सोडायला लागला.

"आणा हिकडं. मला कुणी इचारलंच न्हाई."

खरंच कुणी विचारलं नव्हतं. आजानं नातीला घ्यायला कुठल्याच रीतीची आडकाठी नव्हती. त्यांना खोकला नाही, ताप नाही, कातडीवर काही नाही, हे मी तपासलं. नर्सनं साबणानं हात आणि छाती धुवायला लावली, तेव्हा ते थंड पाण्यानं "आयायाया" करत नाचले आणि दोन खाटांपलीकडच्या बाळंतिणीही हसल्या. मग पांढऱ्या केसांच्या त्या छातीवर मी पोरगीला उभं ठेवलं, मान वळवली, कापडानं बांधलं आणि वरून त्यांना चादर दिली. म्हाताऱ्यानं श्वाससुद्धा जपून घेतला. पोरगीनं एकदा तोंड वेडंवाकडं केलं आणि झोपली. मुलगा बाजूला हात बांधून उभा होता आणि बघायचं नाही असं ठरवून बघत होता.

दुपारी मी पाय चाचपले. गार नव्हते. ऊन उतरायच्या सुमाराला चाचपले, पोटासारखेच गरम. मी एवढ्या मोठ्यानं "अगं बाई!" म्हटलं की मॅडम राउंडच्या आधीच आल्या. त्यांनी उलटा हात लावला, मान डोलवली आणि म्हणाल्या, "रात्रभर असंच राहू दे. उद्या वर पाठव."

पण अप्पांना उठायचं होतं. सकाळपासून ते अवघडून बसले होते आणि मोरीकडे जाणं आता टाळता येत नव्हतं. मी गाठ सोडली. पोरगीला मी घेणार तोच त्यांनी तिला स्वतःच दोन्ही हातांत धरलं आणि मुलापुढे केलं.

"घे."

मुलगा फरशीकडे बघत राहिला.

"घे म्हणतोय न्हवं. म्या तुला कधी घेतलं न्हाई. माझे आबा हुते समोर. आबा गेले तवा तू मेंढरामागं फिरायलतास. मग कुठं उचलू तुला?"

तो एवढा धिप्पाड गडी, शर्टाच्या बाहीनं डोळे पुसायला लागला. माझेही डोळे भरले आणि मी ते पुसले नाहीत, कारण हात नुकतेच धुतले होते. त्यानं शर्ट काढला, हात धुतले, छाती धुतली आणि खुर्चीत बसला. मी पोरगीला त्याच्या छातीवर बांधलं. तिला बापाची छाती आजाच्या छातीपेक्षा वेगळी वाटली असावी, कारण ती कुरकुरली. त्यानं घाबरून आधी माझ्याकडे आणि मग वडिलांकडे बघितलं.

"अप्पा, तुमी जाऊन या," मी म्हटलं. "आम्ही हाव हितं."

मोरीची घाई विसरून म्हातारा मुलासमोरच्या खाटेवर टेकला.

"जातो की. वाईच बघू दे मला."