कॅलेंडरचा तिसरा खिळा

फोन आला तेव्हा मी कांचघर मोहल्ल्याच्या बाजारात मेथी घेत होतो. हॉस्पिटलमधून माझी बायको, अर्चना, बोलत होती. "अहो, या तुम्ही," एवढंच म्हणाली. मी बरं म्हणालो, हातातली जुडी उलटून पाहिली, देठांना माती फार होती म्हणून दुसरी मागितली, ती पिशवीत टाकली आणि मग स्कूटर सुरू केली. ती मेथी चौथ्या दिवशी फ्रिजमध्ये काळी पडलेली सापडली. थोरली बहीण गेली आणि मी जुडी बदलून घेतली… एवढंच त्या दिवसातलं लख्ख आठवतं. आता दीड महिना होत आला. रडू अजून आलेलं नाही. लोक येतात, बसतात, खांद्यावर हात ठेवतात. मी त्यांना चहाचं विचारतो.

ताईवर लिहा असं या पुरवणीच्या संपादकांनी सांगितलं, तेव्हा त्यांच्या डोळ्यांसमोर गणिताच्या कुंदा मॅडम असणार. तिने तीस-बत्तीस वर्षं शाळेत शिकवलं, लग्न केलं नाही, आमच्याच घरात पुढच्या खोलीत राहिली. चांगली उंच होती. फळ्याच्या अगदी वरच्या कडेपासून गणित मांडायची आणि खाली येईपर्यंत उत्तर काढायची. बाकीच्या बाई फळ्याच्या मध्यापासून सुरू करत, तर ही त्यांना म्हणायची, "वरची जागा काय इन्स्पेक्टरसाठी राखून ठेवली काय?" हे सगळं तिचे विद्यार्थी माझ्यापेक्षा चांगलं लिहितील. मला जे लिहायचं आहे ते त्यांना ठाऊक नाही. कोणालाच ठाऊक नाही.

सहा वर्षांपूर्वी तिच्या तोंडात फोड यायला लागले. आधी वाटलं उष्णता असेल. मग ते फोड पाठीवर, छातीवर आले, फुटायला लागले, कातडी सोलून निघायची. पाण्याचा घोट गिळतानाही डोळ्यांत पाणी. शरीर आपल्याच कातडीवर उलटतं असा हा आजार, असं डॉक्टरांनी सांगितलं आणि स्टेरॉइडच्या गोळ्या सुरू केल्या. महिन्याभरात फोड वाळले. ताईने पहिल्यांदा पोळी खाल्ली त्या दिवशी अर्चनाने शिरा केला होता. चेहरा सुजून गोल झाला होता, तर आरशात बघून म्हणाली, "चलो, लग्नाच्या वयात अशी भरलेली असती तर एखादा फसला असता." स्वयंपाकघरात ओट्याच्या बाजूला कॅलेंडर होतं, खिळ्याला सुतळीने पेन बांधलेलं. रोज सकाळी गोळी घेतली की त्या तारखेवर बरोबरची खूण. ज्या बाईने आयुष्यभर दुसऱ्यांच्या वहीत खुणा केल्या, ती आता स्वतःला मार्क देत होती.

दोन वर्षांनी शेजारच्या तिवारी भाभींनी तिला सांगितलं, "दीदी, ये स्टेरॉइड तो हड्डी गला देता है." भाभींचं चुकलं नव्हतं. पण ताईने कोणाला न विचारता गोळी बंद केली आणि खुणा मात्र करत राहिली, आम्हाला कळू नये म्हणून. आठ-दहा दिवसांत उलट्या, चक्कर, रक्तदाब खाली गेलेला, आणि फोड पुन्हा सगळीकडे. दोन आठवडे हॉस्पिटल. ओल्या कापसाने तिची पाठ मी पुसायचो. ती ओरडायची नाही, फक्त बोटांनी चादर मुठीत धरायची. डॉक्टर तिच्यावर चिडले, "मॅडम, ये गोली एकदम से कभी बंद नहीं करते, समझीं आप?" तिला आयुष्यात पहिल्यांदा कोणीतरी समजलं का म्हणून विचारत होतं. ती मान हलवत राहिली. मग त्यांनी मला बाजूला घेऊन सांगितलं की गोळी बरीच वर्षं चालणार, म्हणून हाडांची घनता मोजायचा स्कॅन करून घ्या, रिपोर्ट आणून दाखवा, कॅल्शियम आणि व्हिटॅमिन डी चालू ठेवा, पुढचं रिपोर्ट पाहून ठरवू.

स्कॅन झाला. रिपोर्ट आणायला मी एकटा गेलो, कारण तिच्याकडे दहावीचे पेपर तपासायला आले होते. लिफाफा तिथेच उघडला. मला त्यातलं फार समजत नव्हतं, पण आकड्याच्या आधी उणेची खूण होती, आणि खाली एका ओळीत हाडं ठिसूळ झाल्याचं लिहिलं होतं. गणिताच्या बाईला उणे म्हणजे काय हे समजावून द्यावं लागलं नसतं. तिने वाचलं की ती गोळी पुन्हा बंद करणार, पुन्हा ती पाठ, तो कापूस… मी घरी येऊन सांगितलं, "ठीक आहे. वयोमानाने आहे." तिने पेपरातून मान वर न काढता विचारलं, "म्हणजे पास?" मी म्हणालो, "पास."

हे मी तिच्याकडूनच शिकलो होतो. आमच्या घरात आजाऱ्याला त्याचा आजार सांगत नाहीत. बाबांना पोटाचा कॅन्सर होता, आणि 'बाबांना सांगायचं नाही' हे ताईनेच ठरवलं होतं. अल्सर आहे म्हणून सांगत राहिली. बाबा शेवटपर्यंत तिखट सोडून होते, अल्सर बरा व्हावा म्हणून. मी तेव्हा तिच्याकडे कौतुकाने बघायचो. चेहऱ्यावरची एक रेघ हलू न देता कसं बोलते ही.

मी ठरवलं होतं की डॉक्टरांना एकट्याने जाऊन भेटेन आणि रिपोर्ट दाखवेन. पुढच्या तपासणीला ताई बरोबर होती. डॉक्टरांनी विचारलं तर मी म्हणालो, "घर पे रह गया." ते म्हणाले, "अगली बार जरूर लाइए." पुढच्या वेळी पुन्हा तेच. मग ते डॉक्टर शहर सोडून गेले, नवीन आलेल्यांनी कातडी बघितली, कातडी चांगली होती, तीच चिठ्ठी पुढे चालू. मी स्वतःला सांगायचो, कॅल्शियम घेते ना रोज, हाडांचं औषध चालूच तर आहे. तिच्या भल्यासाठी लपवलं हे अर्धं खरं आहे. उरलेलं अर्धं इतकंच की मी थकलो होतो. घरात कोणी आजारी नाही असे दिवस मला हवे होते, आणि लिफाफा बंद राहिला की ते मिळत होते. तो मी स्वयंपाकघरातल्या खालच्या ड्रॉवरमध्ये ठेवला, हातोडी-पक्कड ठेवतो त्यात, कारण तो ड्रॉवर माझ्याशिवाय कोणी उघडत नसे.

वर्षाभराने ताई म्हणाली, "विनू, तो खिळा जरा खाली ठोक रे. खूण करायला हात दुखून राहिला." मी ड्रॉवर उघडला, लिफाफा बाजूला सरकवला, हातोडी काढली आणि आधीच्या खिळ्याखाली चार बोटांवर दुसरा ठोकला. गंमत म्हणून म्हणालोही, "ताई, तू लहान होऊन राहिली का भिंत वाढून राहिली?"

"भिंतच," ती म्हणाली. "तुझ्या त्या ठेकेदाराने यीस्ट घातलं असेल सिमेंटमध्ये."

अर्चना हसली, मी हसलो. हातोडी परत ठेवली. लिफाफा तिथेच होता.

मागच्या हिवाळ्यात कुकर गॅसवरून उतरवताना तिच्या पाठीत काहीतरी झालं. कट्टकन आवाज झाला असं ती म्हणाली. आम्ही लचक समजून तेल लावलं, गरम पाण्याची पिशवी दिली. तीन आठवड्यांत उठून कामाला लागली, पण खांदे पुढे आले होते, आणि साडीच्या निऱ्या जमिनीवर लोळायला लागल्या होत्या. पुन्हा मला म्हणाली, "अजून एकदा ठोक." या वेळी मी काही गंमत केली नाही. तिनेही नाही. मी तिसरा खिळा ठोकत होतो तेव्हा ती मागे उभी राहून बघत होती… खिळ्याकडे नाही, उघड्या ड्रॉवरकडे. की हे मला आता वाटतं, सांगता येत नाही.

नंतरचं थोडक्यात सांगतो. एका सकाळी न्हाणीघराच्या दारात ती नुसती वळली आणि बसली. खुब्याचं हाड मोडलं होतं. ऑपरेशनच्या आधी हाडांच्या डॉक्टरांनी विचारलं, इतकी वर्षं स्टेरॉइड, तर कधी घनता मोजली होती का. मी घरी जाऊन लिफाफा आणून दिला. त्यांनी वाचला, वरची तारीख बघितली. "तो हड्डी की दवा नहीं चली?" मी म्हटलं, कॅल्शियम चालू होतं. ते म्हणाले, त्याने एकट्याने भागत नाही. अशा पेशंटला बहुतेक वेळा आठवड्याची एक गोळी देतात. सकाळी उपाशीपोटी, ग्लासभर पाण्याबरोबर, नंतर अर्धा तास आडवं व्हायचं नाही. स्टेरॉइडही चालते, तीही चालते. मी विचारलं, "दोनों साथ में?" ते म्हणाले, "हां, साथ में ही तो." आवाजात राग नव्हता, पुढचा पेशंट थांबला होता. मी चार वर्षं समजत होतो की कातडी वाचवायची तर हाडांबद्दल गप्प बसावं लागेल. आठवड्यातून एक खूण जास्त. तिने लाल पेनाने केली असती.

त्या गोळीने हाड मोडलंच नसतं असं कोणी डॉक्टर मला लिहून देणार नाही. मोडण्याची शक्यता कमी झाली असती, एवढं ते म्हणाले. तेवढं मला पुरतं.

ऑपरेशन नीट झालं. मग पडून पडून छातीत कफ साठला. शेवटच्या आठवड्यात एका दुपारी मी तिला संत्र्याच्या फोडी सोलून देत होतो तेव्हा तिने विचारलं, "विनू, त्या रिपोर्टमध्ये काय होतं रे?"

मी म्हणालो, "काही नाही ताई. वयोमानाने होतं."

तेव्हाही. लिफाफा डॉक्टरांच्या फाइलमध्ये होता, तिच्या खाटेच्या पायथ्याशी अडकवलेल्या, आणि तेव्हाही.

"अच्छा," ती म्हणाली. "बाबांनाही मी असंच म्हणत होती. ते पण अच्छाच म्हणायचे." मग हात पुढे केला. "दे. बिया काढ नीट, दात नाही राहिले माझे उणे करायला."

ज्यांच्या घरी कोणी अशी गोळी वर्षानुवर्षं घेत असेल त्यांनी हाडांचं विचारून घ्यावं, गोळी मनाने सोडू नये, आणि जे कळेल ते त्या माणसाला सांगावं. हे लिहिण्याचा मला अधिकार नाही, तरी लिहितो. अर्चनालाही हे सगळं इथे छापून आल्यावरच कळणार आहे. तोंडाने सांगायला तीन-चारदा बसलो, आणि दर वेळी तिला विचारलं, चहा घेतेस का.

मेडिकलवाल्याने यंदाचं कॅलेंडर दिलं ते मागच्या आठवड्यात आणलं. जुन्यावर खुणा एका तारखेपर्यंत आहेत, पुढचे चौकोन कोरे. ते उतरवलं तेव्हा भिंतीवर एकाखाली एक तीन खिळे दिसले, तिसऱ्याला सुतळी आणि पेन. अर्चना म्हणाली, "आता वरच्यालाच लावा ना, आपल्याला सोयीचं पडेल." मी हो म्हणालो आणि तिसऱ्याला लावलं. सकाळी तारीख बघायला मला वाकावं लागतं. वाकतो.