दोन अख्ख्या ओळी

माकडताप म्हटलं की डोंबिवलीत लोक हसायचे. मला संताप यायचा. तळकोकणात काजूच्या बागेत माझ्या मामाला गोचीड चावली, ताप मेंदूपर्यंत गेला आणि त्या धिप्पाड माणसाच्या हातात पाण्याचा पेला ठरेना. आई त्याला आमच्याकडे घेऊन आली. ठाण्याच्या नौपाड्यातले डॉक्टर म्हणाले, यावर नेमकं औषध नाही. गावी बाग आता मामाची मुलगी बघायची. काजूचा हंगाम सुरू झालेला आणि ती आत जायला घाबरत होती.

मी ठाण्यातल्या प्रयोगशाळेत असल्याच तापांवरच्या औषधांच्या चाचण्या करत होते. खरा विषाणू आमच्याकडे नव्हता, त्याच्या जातीतला एक सौम्य होता. प्लेटच्या खळग्यांत पेशी वाढवायच्या, विषाणू सोडायचा, प्रत्येक ओळीत वेगळं औषध घालायचं आणि शेवटी जांभळा रंग. पेशी जगल्या तिथे रंग टिकतो, मेल्या तिथे भोकं पडतात. एका ओळीत तुलनेसाठी विषाणू घालतच नाहीत, ती नेहमी अख्खी. कुठली ओळ कशाची, हे प्रयोगशाळेच्या मॅडम मला सांगायच्या नाहीत. "तुझा मामा आजारी आहे. तुला हवं तेच दिसेल." राग यायचा, पण मॅडमचं बरोबर होतं.

त्या दिवशी प्लेट उजेडात धरली. दोन ओळी अख्ख्या! अगं बाई! पुन्हा पाहिलं, दोनच. एक विषाणू नसलेली, मग दुसरी कुठल्यातरी औषधाने वाचवलेली! मॅडम म्हणाल्या, "परत कर." परत केलं, चार दिवसांनी परत दोन. नखाएवढ्या खळग्यात एवढं मोठं काहीतरी घडलं होतं आणि ते मी बघत होते. प्लेट खाली ठेववेना.

त्या संध्याकाळी मामाला मोबाइलवर फोटो दाखवला, म्हटलं, एका औषधाने पेशी वाचल्या. तो कितीतरी वेळ त्या जांभळ्या रंगाकडे बघत राहिला.

सकाळी चहा घेताना तो खुशीत म्हणाला, "पोरीक कालच फोन केलंय. सांगितलंय, भिया नको, औषध गावला."

"अरे मामा, ते अजून प्लेटमध्येच आहे! माणसाला द्यायला किती वर्षं लागतील!" तिला फोन लावला.

"कुठे आहेस तू?"

"बागेत, ताई."

"गोचीड चावू नये म्हणून दिलेलं तेल लावलंस ना अंगाला?"

"नाय," ती हसली. "आता कित्याक? औषध गावला मां?"