मिरचीच्या गाडीतली सोयरीक

गाडी उलटते, ब्रेक लागत नाही, घाटात ट्रक मागे सरकतो. ड्रायव्हरच्या जिवावरची ही संकटं सगळ्यांना ठाऊक असतात. मिरचीबद्दल मात्र कोणी बोलत नाही. साठ सालाच्या आसपास मी हैदराबादकडून अमरावतीला माल आणत असे. सुकी लाल मिरची भरायची वेळ आली की आमच्यातले भलेभले पोटदुखीचं सोंग घ्यायचे. त्या खेपेला मी घेतलं नाही, कारण वाटेत बाभुळगाव लागणार होतं.

बाभुळगावात मला एक मुलगी पसंत होती. मुलीच्या बापाला मी पसंत नव्हतो. "ड्रायव्हरची बायको रस्त्याकडं पाहू पाहू म्हातारी होते," ते म्हणाले होते. "आज येतो म्हन्ते अन् चार दिवसांनी उगवते. मले नाई द्यायची पोरगी." मी छाती फुगवून सांगितलं, येत्या गुरुवारी दिवस मावळायच्या आत तुमच्या दारात उभा राहतो, नाही राहिलो तर पुन्हा तोंड दाखवणार नाही. "पाहू," ते म्हणाले. माझं लग्न त्या एका शब्दावर अडलं होतं.

गुरुवारी केळापूर ओलांडलं आणि गाडी एका खड्ड्यात अशी आदळली की केबिनला लागून असलेलं पोतं फाटलं. केबिनच्या मागच्या खिडकीला काच नव्हती. सगळी धूळ माझ्या मानेवर, नाकात, डोळ्यांत. थांबून पोती उतरवायची, शिवायची, पुन्हा लादायची म्हणजे दिवस गेलाच. क्लीनर माझ्याहून वयानं मोठा आणि दुप्पट शहाणा. "आत लय गरम होते" म्हणत तो ताडपत्रीवर जाऊन बसला आणि यवतमाळपर्यंत मजेत गाणी म्हणत राहिला. मी शिंकत, रडत, व्यापाऱ्याच्या सात पिढ्या उद्धरत गाडी हाकली. मध्ये डोळे चोळले ही तर शुद्ध गाढवगिरी, कारण हातही मिरचीचेच. समोर दोन म्हशी दिसल्या म्हणून ब्रेक दाबला, तर म्हैस एकच होती.

पण पोचलो. ऊन अजून छपरांवर होतं. मुलीचे वडील ओसरीवरून उठले आणि माझे लालभडक डोळे, गळणारं नाक, लटपटणारे पाय पाहत राहिले. दारूबंदीचे दिवस, ड्रायव्हर म्हटलं की संशय आधीच तयार.

"पिऊन आले काय?"

"नाही जी, मिरची आहे."

"फुका बरं, पाहुने." त्यांनी नाक माझ्या तोंडाजवळ आणलं.

मी मनापासून फुंकर मारली. मिशांवर बसलेली मिरची सरळ त्यांच्या नाकात. त्यांना शिंकांवर शिंका सुरू झाल्या. मोठ्या माणसाचा मान म्हणून मी माझ्या खांद्यावरचा दुपट्टा पुढे केला, आणि त्यांनी तो दोन्ही डोळ्यांवर घट्ट दाबला.

मग ते ओरडले. आवाज ऐकून मुलीची आई बाहेर आली. नवरा पाहुण्याचा खांदा धरून ढसाढसा रडतोय, पाहुणाही रडतोय, हे पाहून तिनं कपाळावर हात मारला, "अवं माय वं, कोन गेलं वं!" आणि सूर लावला. शेजारच्या बायका धावत आल्या. कोण गेलं हे न विचारताच त्यांनीही सूर मिळवला.

तेवढ्यात मुलगी आली. तिनं गाडीकडे पाहिलं, वास घेतला आणि म्हणाली, "कोनी नाई गेलं. मिरची हाय." कोणीतरी आणलेला पाण्याचा तांब्या तिनं बाजूला सारला, पाण्यानं मिरची जात नाही म्हणून तेलाची वाटी आणली आणि आम्हा दोघांना आधी हात चोळायला लावले.

डोळे उघडल्यावर वडील गरजले, "डोये फुटून राह्यले तरी गाडी थांबवली नाई! याले अक्कल हाय काय?"

मला वाटलं, संपलं. 

मुलगी वाटी उचलत बापाला म्हणाली, "अक्कल यीन मागून. पन येतो म्हनला अन् आला, असा मानूस कुठी भेटते, बाबा?"