भावोजींसाठी लाकडं

बातमी आली तेव्हा मी कचेरीत होतो. फोनवर अक्का एवढंच म्हणाली, "गेले रे." परळच्या इस्पितळात पोचलो तर ती बाकावर बसली होती आणि चाळीतले शेजारी हलक्या आवाजात विचारत होते, लाकडं की विद्युतदाहिनी? शववाहिनीच्या गाडीवाल्याला सांगायला हवं होतं.

"लाकडां," अक्का म्हणाली. "हो काय इचारण्यासारखो प्रश्न आसा?"

प्रश्न होता, आणि तो मलाच ठाऊक होता.

शांताराम भावोजी, म्हणजे अक्काचे, माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान, गिरणी बंद पडल्यावर लालबागच्या एका वखारीत लागले आणि शेवटपर्यंत तिथेच राहिले. शहरात पडलेली, छाटलेली झाडं ट्रकमधून यायची. त्यांचं सरपण करून ते स्मशानात पाठवायचं, हे काम. आधी दोघांनी ओढायची करवत होती, नंतर चेनसॉ, साखळीची यांत्रिक करवत, आला. त्याला वखारीत नुसतं मशीन म्हणत. रस्त्यावरच्या झाडात लाकडाइतकंच लोखंड असतं, असं भावोजी म्हणायचे. पाट्या, बॅनर, उत्सवातल्या माळा... सगळ्यांचे खिळे. वर साल धरते, आत खिळा राहतो. म्हणून ते आधी कोयत्याने साल काढत, लाकडावर काळा-निळा डाग दिसला की तिथे खडूने फुली मारत. एका वर्षी डिलाईल रोडवरचं, आमच्याच चाळीसमोरचं झाड पडलं. ते ओळखीचं, म्हणून त्यांनी साल न काढता मशीन लावलं. चेन तुटून कानाजवळून गेली. खिळा त्यांनीच तरुणपणी मंडळाच्या कंदिलासाठी ठोकलेला होता. वखारीतला त्यांचा जोडीदार सलीम पुढे वर्षभर नवीन ट्रक आला की विचारायचा, "शांतारामभाऊ, ह्यात तुमचे किती?"

पण हसण्याचे दिवस थोडेच. मशीनच्या थरथरीने त्यांची बोटं पांढरी पडू लागली, थंडीत बधिर व्हायची. डॉक्टरांनी मशीन सोडा म्हटलं, ते एक हंगाम, अजून एक हंगाम करत राहिले. गेल्या वर्षी अँटॉप हिलला माझ्या घरी आले असताना बाल्कनीत बसून, दुसऱ्याच कुणाबद्दल बोलावं तसं म्हणाले, "माझ्या वेळी विद्युतदाहिनी बघ. लाकडं नकोत. मी गेलो तरी ती कुणीतरी फोडायचीच ना... कंटाळा आला रे." मी विषय बदलला नाही आणि वाढवलाही नाही.

इस्पितळात हे अक्काला सांगितलं.

"तुका सांगितल्यानी? माका नाय?"

ती बाकावरून उठली.

"सगळ्या लालबागेक लाकडां पुरवल्यानी. आणि त्येंका बटन दाबून धाडतलंस?" मग, "माका वखारीत घेऊन चल."

वखार इस्पितळापासून लांब नाही. भावोजी आजारी पडल्यापासून सलीम एकटाच होता. फोडलेला ढीग संपला होता, उरला होता तो वर्षावृक्षाचा एक मोठा ओंडका. भावोजींनी त्यावर हातभर अंतराने काप घेतले होते, प्रत्येक काप बुंध्याच्या निम्म्याहून थोडा अधिक खोल. आरपार कापलं तर चेन मातीला लागते आणि धार जाते. म्हणून आधी वरून सगळे काप, मग पहारीने ओंडका उलटवायचा आणि उरलेलं दुसऱ्या बाजूने. काप मिटून मशीनची पट्टी अडकू नये म्हणून ठोकलेल्या पाचरी तशाच होत्या. उलटवायचं राहिलं होतं.

"वैनी, तासाभरात करून देतो," सलीम म्हणाला. तो सकाळपासून जेवला नव्हता. त्याने पहार घातली. ओंडका हलला, पुन्हा बसला. मी हात लावला. दोघांनी मिळून तो कसाबसा उलटवला. सलीमने मशीन सुरू केलं, वाकला, एक तुकडा सुटा केला. दुसऱ्याला थांबला, मशीन खाली ठेवलं आणि बोटं काखेत धरली. भावोजीही असंच करायचे.

अक्का बराच वेळ त्याच्या हातांकडे बघत होती.

"सलीम, रवांदे," ती म्हणाली. "पुरे झाला. घरी जा, जेव." आणि मला, "गाडयेवाल्याक सांग. विद्युत."

संध्याकाळी तसंच झालं. सगळं फार लवकर आटोपलं, असं चाळीत काही जण बोलले.

आता दर रविवारी मी तिच्याकडे जातो. भावोजींनी हे तिला का नाही सांगितलं, असं ती अजून विचारते. ती चहा आणते तो कान असलेल्या कपात, अर्धाच भरलेला. भावोजींच्या हातात भरलेला कप राहायचा नाही, हिंदकळायचा. त्यामुळे तिला अर्धा ओतायची सवय लागली आहे. एकदा मी विचारलं, अर्धा दे असं भावोजी म्हणाले होते का.

"नाय," ती म्हणाली. "ते कधी काय सांगीत नसत."

आणि भांड्यातला उरलेला अर्धा चहा तिने माझ्या कपात ओतला.